थुंकीवाल्या मॅडम

मोहाडी तालुक्यातील तमाम थुंकणाऱ्या आणि थुंकी गिळणाऱ्या जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, मानवी आतड्याला आठवण असते की नसते, या अखिल मानवजातीच्या प्रश्नावरची एक ऐतिहासिक सुनावणी आपल्याच तालुक्यात पार पडली आहे. तिची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. आरोपी होता एक जंतू, पुरावा होता अठरा नळ्या थुंकी, आणि गुन्हेगार होतो मी. जनतेने उभं राहण्याची गरज नाही. बसून ऐकलं तरी चालेल.

आता हा दवंडीचा आवाज खाली ठेवतो. मॅडमना तो आवडला नसता. त्या म्हणाल्या असत्या, "बाबू, आधी नळ्या मोज, मंग बोंबल."

मॅडम म्हणजे आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख. केंद्र म्हणजे तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीतल्या तीन खोल्या. एकीत फ्रीज आणि यंत्रं, दुसरीत मॅडम, तिसरीत कागद. मी तिथला तंत्रज्ञ, लिपिक, चहावाला आणि वाहनचालक. वाहन म्हणजे माझी मोटरसायकल. मागच्या सीटवर मॅडम, त्यांच्या मांडीवर बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा, आणि डब्यात तालुक्याची थुंकी. अशी आमची वरात गावागावांतून जायची. पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडायची, "थुंकीवाली आली, थुंकीवाली आली." मॅडम हात हलवून दाद द्यायच्या. मी मात्र मान खाली घालून गाडी चालवायचो, कारण त्याच काळात घरचे माझ्यासाठी मुली पाहत होते.

आता थुंकी कशाला, ते सांगतो. गिआर्डिया नावाचा एक जंतू असतो. तो पाण्यातून पोटात जातो, लहान आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो आणि माणसाला हगवण लावतो. शरीर त्याला अडवायला प्रतिपिंडं तयार करतं. काही प्रतिपिंडं रक्तात फिरतात. पण मॅडमना रक्तात रस नव्हता. त्यांना पाहिजे होती ती प्रतिपिंडं, जी शरीराच्या ओल्या अस्तरावर पाझरतात, आतड्यात, तोंडात. ती जंतूला धरून ठेवतात, भिंतीला चिकटू देत नाहीत. जिवंत माणसाच्या आतड्यात हात घालता येत नाही, म्हणून मॅडम त्याच्या तोंडाशी जायच्या. "आतडं आन तोंड एकाच नळाचे दोन टोकं आहेत," त्या म्हणायच्या. "खालच्या टोकाले जे शिकवलं, ते वरच्या टोकाले समजते."

मॅडम मूळच्या कोंढ्याच्या. लहानपणी बांधावरच्या बोडीतलं पाणी पिऊन मोठ्या झालेल्या. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, त्यात म्हशीही बसायच्या आणि माणसंही ओंजळ भरायची. मॅडमना लागोपाठ पाच पावसाळे हगवण लागली. सहाव्या पावसाळ्यात त्याच बोडीचं तेच पाणी प्यायल्या आणि काही झालं नाही. दुसरी कोणतीही मुलगी म्हणाली असती, चला, सुटलो. ही मुलगी तीस वर्षं विचारत राहिली की सहाव्यांदा काहून नाही. पदव्या घेतल्या, परदेशात जाऊन आल्या, आणि मोठ्या शहरातली नोकरी नाकारून मोहाडीला येऊन बसल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आतड्यानं त्या जंतूला ओळखलं होतं. आतड्याला आठवण होती. तेवढं त्यांना सिद्ध करायचं होतं.

जंतूशी त्यांचं वागणं मोठं अदबीचं. गिआर्डिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याला चेहरा असतो. पेरूच्या आकाराचं तोंड आणि त्यात दोन मोठे गोल डोळे. ते डोळे नाहीत, ती त्याची दोन केंद्रकं आहेत, हे मॅडमनीच मला शिकवलं. तरीसुद्धा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी त्या पदर सारखा करायच्या, कानामागे केस सारायच्या. मी एकदा हसलो. त्या म्हणाल्या, "आपण त्याच्या घरी जाऊन राहिलो, बाबू. असं अवतारात जावं का?" ताज्या नमुन्यात तो गळणाऱ्या पानासारखा डुलत डुलत चालायचा. असा एखादा दिसला की मॅडम दहा-दहा मिनिटं उठायच्या नाहीत. चहा गार व्हायचा. मग तोच गार चहा बशीत ओतून, त्यावर फुंकर घालून प्यायच्या.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. नमुन्याचे क्रमांक राहत. आठवडी बाजारात कांद्यांच्या ढिगासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "काय बत्तीस, कांदे काय भाव?" बत्तीस खूश व्हायचा. हळूहळू लोकांना त्या क्रमांकांचा अभिमान वाटायला लागला. सोयरीक पाहायला आलेल्या पाहुण्यांना एका गृहस्थांनी गंभीरपणे सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं आहे, "आमी मॅडमचे सत्तेचाळीस." पाहुण्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, ही एकरं असावीत.

नमुना घेण्याचे त्यांचे नियम कडक होते. पहिला, थुंकी आपोआप तोंडात जमू द्यायची आणि नळीत सोडायची, खाकरून काढायची नाही. दुसरा, नमुना देणाऱ्यासमोर खाण्याचं नाव काढायचं नाही. एकदा एक शेतकरी नळी तोंडाशी धरून बसला होता आणि मी मॅडमना विचारलं, "आज डब्यात भरीत आणलं का?" मॅडमनी उठून त्याच्या हातातली नळी काढून घेतली.

"हे आता बाद," त्या म्हणाल्या.

"मी बाद काहून जी?" तो माणूस दुखावला. "मले का रोग झाला?"

"तुम्ही चांगले आहा, भाऊ. पण यानं भरताचं नाव काढलं. तुमच्या तोंडाले पानी सुटलं. थुंकी पातळ झाली. पातळ थुंकीत प्रतिपिंडं कमी भरतात. आमचा आकडा खोटा येते."

"मले वांग्याचं भरीत आवडत नाई," तो माणूस म्हणाला. "माही नळी देऊन टाका."

मॅडमनी नळी परत दिली. इतकंच नाही, तर वहीत नोंद केली, "भरीत आवडत नाही." आपलं म्हणणं खोडून काढणारा माणूस त्यांना मनापासून आवडायचा. त्याचा त्यांना अपमान वाटत नसे, उलट भूक लागत असे. त्या दिवशी आमचे दोघांचेही डबे त्यांनीच संपवले.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. नमुना आपल्या डोळ्यांसमोर दिला गेला पाहिजे. नळीवर क्रमांक, समोर माणूस, आणि मध्ये आपला डोळा. "डोळा हटला की नळी मेली," असं त्या मला दर आठवड्याला बजावायच्या. मीही दर आठवड्याला "हो मॅडम" म्हणायचो.

आता संकटाकडे येतो. आम्हाला अनुदान देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. भाषा गोड होती, अर्थ कडू. थुंकीची मोजणी भरवशाची नाही, असं समितीचं मत पडलं होतं. एकाच माणसाची थुंकी सकाळी मोजली तर एक आकडा, दुपारी मोजली तर दुसरा. मॅडमनी याआधी एकाच नमुन्याचे भाग करून, मोजून, सारखे आकडे पाठवले होते. समितीने उत्तर दिलं होतं की कोणत्या नळ्या एकाच माणसाच्या आहेत हे तुम्हाला आधीच माहीत होतं, त्यामुळे हा पुरावा धरता येत नाही. आता समिती स्वतः दसऱ्याआधी येणार होती. मोजणी भरवशाची आहे हे पटलं तर केंद्र राहील, नाही तर फ्रीज, यंत्रं आणि तीन खोल्या बंद.

मॅडमच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. केंद्र बंद झालं असतं तर सहाव्या पावसाळ्याचा प्रश्न तसाच राहिला असता.  मॅडम चहा गरम असतानाच पिऊ लागल्या. त्यावरून मी काय ते ओळखलं.

त्याच भाद्रपदात त्यांनी मला एकट्याला एका गावात पाठवलं. त्यांना भंडाऱ्याला बैठक होती. धानाच्या बांधीत निंदण चालू होतं. अठरा बाया गुडघाभर चिखलात वाकून तण काढत होत्या. मी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहून नळ्यांचा स्टँड मांडला आणि माझं भाषण केलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावले. परक्या पुरुषासमोर थुंकायचं, तेही त्याने टक लावून पाहत असताना, हे त्यांच्यातल्या एकीलाही जमणार नव्हतं. त्यातून गावाच्या चार सुना, आणि मी अजून बिनलग्नाचा.

भागरथाबाई त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क. तिनेच तोडगा काढला.

"बाबू, तू त्या परसाखाली जाऊन बस," ती म्हणाली. "पाठ कर. आमी भरून देतो."

"मावशी, मले पाहावं लागते जी. नियम आहे."

"बायकाईले थुंकताना पाहाचा नियम? कोनं केला?"

सगळ्या जणी हसल्या. मी लाजलो. पळसाखाली गेलो, पाठ केली, पिशवीतला चिवडा काढला. तासाभराने हाक आली. स्टँडमध्ये अठरा नळ्या, रेघेपर्यंत भरलेल्या, ओळीने उभ्या. मी खूश झालो. एवढं शिस्तीचं काम मी स्वतः कधी केलं नव्हतं.

आठवड्याभराने मॅडमनी मोजणी केली. मोजणीची ताटली असते, तिला शहाण्णव लहान वाट्या असतात. प्रत्येक वाटीत थुंकी आणि औषधं घालत गेलं की शेवटी पिवळा रंग येतो. जेवढी प्रतिपिंडं, तेवढा पिवळा. एरवी ताटली फिक्या-गडद ठिपक्यांनी भरलेली असायची. या वेळी त्या गावाच्या सगळ्या वाट्या हळद कालवल्यासारख्या पिवळ्या. एक बाई नाही, दोन नाही, अख्खी बांधी. मॅडम ताटली खिडकीशी नेऊन उजेडात धरून उभ्या राहिल्या. मग त्या ताटलीला म्हणाल्या, "शाब्बास व." त्या दिवशी त्यांनी स्वतः चहा केला आणि त्यात साखर घालायची विसरल्या. मी बिनसाखरेचा दोन कप प्यायलो. आम्हाला गाव सापडलं होतं. असं गाव, ज्याच्या सगळ्या आतड्यांना जंतू पाठ होता.

तीन दिवस हे सुख टिकलं, आणि तेवढ्यात तो निकाल अहवालात घालून समितीकडे गेलाही.

चौथ्या दिवशी मॅडमनी आलेखाचा कागद काढला आणि अठरा आकडे नळीच्या क्रमाने पेन्सिलीने मांडले. मला बोलावलं.

"काय दिसते?"

ठिपके पायऱ्यांसारखे उतरत होते. पहिल्या नळीचा सगळ्यात वर, दुसरीचा जरा खाली, तिसरीचा अजून जरा. दहाव्यापर्यंत हळूहळू. अकराव्यापासून एकदम उडी मारल्यासारखे खाली, तिथून पुन्हा सारखे हळूहळू. सगळेच आकडे तालुक्यात वरचढ, पण क्रम मात्र उतरता.

"छान रांग आहे," मी म्हणालो.

"उंचीनं रांगेत लोक फक्त शाळेच्या फोटोत उभे राहतात, बाबू. थुंकी देताना जास्तवाली पुढे आन कमीवाली मागे, अशा बाया कोनं उभ्या केल्या?" त्यांनी चष्मा काढला. "तू पाहत होतास ना?"

"हो मॅडम."

"डोळ्यानं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो असतो. त्या "बरं"वर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावाला गेलो. बाया बांधीतच होत्या. मॅडमनी चपला काढल्या, धुऱ्यावर बसल्या, पाय चिखलात सोडले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तू त्या परसाखाली जा. पाठ कर. तुले सवय आहे."

मी गेलो. चिवडा नव्हता. पाठीमागून सगळं ऐकू येत होतं.

"अकराव्या नळीले तोंडात काय टाकलं होतं?" मॅडमनी विचारलं. कोणाचं नाव घेतलं नाही, कोणावर ठपका ठेवला नाही, जणू भाजीत काय घातलं होतं असं विचारत होत्या.

 मग भागरथाबाई म्हणाली, "चिंच."

"म्हटलंच मी."

"तुले कोनं सांगतलं व माय?"

"तुह्या थुंकीनंच सांगतलं, मावशी. दहापर्यंत जाड होती, अकरापासून पानी झाली. सगळ्या नळ्या तूच भरल्या ना?"

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी तीज, म्हणजे हरतालिका, होती. सतरा जणी निर्जळी उपासाला. पहाटेपासून पाण्याचा थेंब तोंडात नाही, त्यात ऊन, त्यात निंदण. थुंकायला तोंडात काही पाहिजे ना. भागरथाबाईला मात्र साखरेच्या आजाराची गोळी घ्यावी लागायची, म्हणून तिचा उपास तिच्या सुनेने सोडवला होता. तिचं तोंड ओलं. पळसाखाली पोरगा ताटकळत बसला आहे, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं बरं दिसत नाही, म्हणून तिने एकटीने अठरा नळ्या भरून दिल्या. दहाव्या नळीनंतर तोंड सुकलं तेव्हा कनवटीची चिंच चोखली. अगदी प्रामाणिकपणे रेघेपर्यंत भरल्या. एक नळी तिने मला हसून दाखवलीही असती, पण माझी पाठ होती.

"मी का वाईट केलं का?" भागरथाबाईने विचारलं.

"तू नाई केलं," मॅडम म्हणाल्या. त्या "तू"वर जोर होता. पळसाखालून मला तो नीट ऐकू आला.

परतताना मी बोललो. सगळं सांगितलं, चिवड्यासकट.  मग मला वाटलं, आपण निदान उपयोगाचं काहीतरी बोलावं. मी म्हणालो, "मॅडम, निकाल तसाच राहू द्या ना. समितीले काय समजते? अठरा बाया, अठरा नळ्या. कोनाले कळनार आहे?"

"मले कळलं ना," त्या म्हणाल्या.

 नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाजवळ आलो आणि मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली. थाप म्हणजे रट्टाच.

"थांब. गाडी लाव."

त्या पुलाच्या कठड्यावर बसल्या, पर्समधून आलेखाचा कागद आणि पेन्सिल काढली. "थुंकी पातळ झाली म्हणजे तिच्यातलं सगळंच पातळ झालं. प्रतिपिंडं पातळ, तशी बाकीची प्रथिनंही पातळ. प्रत्येक नळीतली एकूण प्रथिनं आपण मोजली आहेत. हो की नाही?"

"मोजली आहेत."

"मंग भाग. प्रतिपिंडांले प्रथिनांनी भाग. मी आकडे सांगतो, तू मोबाइलवर भाग." मॅडम आनंदात आल्या की घरच्या बोलीत पुरुषासारख्या "मी सांगतो" म्हणायच्या.

मी भागत गेलो, त्या ठिपके मांडत गेल्या. पहिला. दुसरा. तिसरा. चिंचेच्या अलीकडचे, चिंचेच्या पलीकडचे. अठरावा ठिपका मांडून त्यांनी कागद दूर धरला. पायऱ्या गेल्या होत्या. सगळे ठिपके दोरी धरून मारल्यासारखे एका रेषेत. एक तोंड, अठरा नळ्या, एकच आकडा.

"समितीले आंधळी चाचणी पाहिजे होती," मॅडम म्हणाल्या. "कोनती नळी कोनाची हे मोजणाऱ्याले माहीत नसावं. बाबू, आपल्या दोघांपेक्षा आंधळं या जिल्ह्यात कोन होतं?"

आणि त्या हसायला लागल्या. नहरावर म्हशी धुणारा माणूस वर पाहायला लागला. मग हसणं आवरून म्हणाल्या, "तू खोटं बोललास, ते वेगळं. ते समितीसमोर तू स्वतः वाचून दाखवशील."

समिती आली. तीन जण होते. अध्यक्ष पुण्याकडचे, सडपातळ, शुद्ध बोलणारे, खिशात दोन पेनं. शेजारच्या शाळेतून आणलेल्या खुर्च्यांवर सगळे बसले. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "तुम्हाला पाठवलेल्या अहवालातला एका गावाचा निकाल खोटा आहे." मग माझी पाळी. मी वहीतलं माझ्याच अक्षरातलं वाचलं, "मी पाठ केली होती. मी चिवडा खात होतो. विचारल्यावर मी खोटं सांगितलं." एक सदस्य खोकल्यासारखं करून हसले. माझे कान दिवसभर गरम होते. त्यानंतर मॅडमनी दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले, पायऱ्यांचा आणि रेषेचा.

आता एक खुलासा. केंद्राला त्या दिवशी तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली, आणि ती त्या सरळ रेषेमुळे मिळाली असं आमच्याकडे अजून सांगतात. तीन वर्षांनंतर अजून तीन मिळाली. मॅडम तिथूनच निवृत्त झाल्या, आता कोंढ्याला असतात, आणि फोन केला की माझ्या बायकोला आधी विचारतात, "पोट कसं आहे?" पण मुदतवाढ रेषेमुळे मिळाली हे खरं नाही. मी तिथे होतो. रेषेने तर आम्ही जवळजवळ बुडालो होतो.

झालं असं. अध्यक्षांनी दोन्ही आलेख बराच वेळ पाहिले. चिंच कोणत्या नळीला, ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "मान्य. मोजणी भरवशाची आहे. इतकी चांगली आंधळी चाचणी ठरवूनही करता आली नसती."

मॅडमचा चेहरा उजळला.

"पण मग काम संपलंच की," अध्यक्ष पुढे म्हणाले. त्यांनी पेनाचं झाकण लावलं. "ज्यांच्या थुंकीत एवढी प्रतिपिंडं, त्यांच्या आतड्याला जंतू आठवतो, ते सुरक्षित. हेच तुमचं म्हणणं आहे. मोजताही येतं. तर मग यापुढे हे केंद्र चालवायचं कशासाठी?"

मॅडमनी रेषेचा आलेख उचलला आणि परत खाली ठेवला.  त्यांचंच म्हणणं त्यांच्यासमोर आणून ठेवलं होतं. ते खोडायचं कसं, आणि खोडलं नाही तर दार बंद. 

भागरथाबाई दाराशी खुर्चीच्या कडेवर बसली होती. अहवाल वाचून अध्यक्षांनीच त्या गावातली एखादी बाई पाहायची इच्छा दाखवली होती, म्हणून मी तिला सकाळी गाडीवर बसवून आणलं होतं. नवं लुगडं नेसून आली होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"काय म्हनून राहिले ते?"

मी तिच्या कानाशी वाकलो. "ते म्हनतात, मावशी, तुह्या तोंडात त्या जंतूले अडवाची ताकद साऱ्या तालुक्यात जास्त आहे. म्हून तुहं पोट कधी बिघडत नाई."

यात माझं काही चुकलं नव्हतं. फॉर्मवर तिच्या नावापुढे, पोटाच्या तक्रारीच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात "नाही" लिहिलेलं होतं. तसं अठराही जणींनी मला सांगितलं होतं, पदराआडून. मॅडमनी मात्र तो रकाना स्वतः विचारला नव्हता.

भागरथाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग पुण्याच्या अध्यक्षांकडे. तीन शिकलेली माणसं एकाच गोष्टीवर इतकी निर्धास्त असलेली तिने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावीत. आणि ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"एवढी ताकद हाय, त मंग मले आखाडापासून हगवण काहून लागून राहिली?"